तिसरं पाणी

फेब्रुवारी अर्धा सरला की याकूतजानच्या घरात माणसांना बसायला जागा उरत नसे. खिडक्यांच्या कठड्यांवर दुधाच्या कापलेल्या खोक्यांतून टोमॅटोची आणि ढोबळ्या मिरचीची रोपं मान वर काढून उभी. गाद्यांवर कांद्याचं बी, शेपूचं बी, ज्वारीची कणसं. जेवायच्या दस्तरखानावर पुरचुंड्याच पुरचुंड्या. नवरा मातनियाज बिचारा चहाचा प्याला हातात धरून भिंतीला टेकून उभा असायचा. सव्वीस वर्षं त्यानं उर्गेंच ते खीवा ट्रॉलीबस चालवली होती. लोकांना उभं पाहण्याची त्याला सवय होती, स्वतः उभं राहण्याची नव्हती.

"अहो, भोपळ्यावरून पाय काढा," याकूतजान म्हणाली.

"भोपळा कुठाय?"

"तुमच्या टाचेखाली. अजून बी आहे, म्हणून काय झालं."

मातनियाजनं पाय उचलला आणि दुसरीकडे ठेवायला जागा शोधू लागला. याकूतजान गुडघ्यावर वही घेऊन बसली होती. वहीच्या पानावर तिनं परसबागेचा चौकोन काढला होता आणि मधोमध एक रेघ. रेघेच्या डावीकडे कांदा, मूग, गाजर, खरबूज असं सगळं दाटीवाटीनं लिहिलेलं, उजवीकडे कोरं. ती उजवीकडची बाजू तिच्या जावेची, बिकाजानची.

बाग मुळात एकच. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना अर्धी-अर्धी दिली आणि मधे गुडघाभर मातीची भिंत घातली, ती कोंबड्यासुद्धा मोजत नसत. लग्न होऊन आल्यापासून चौतीस वर्षं या दोघी जावा फेब्रुवारीत एकाच दस्तरखानावर बियाणं मांडून ठरवत आल्या होत्या. काकडी यंदा तुझ्याकडं, खरबूज माझ्याकडं. गाजर गेल्या वर्षी इथं होतं, आता तिथं. थोरला दीर सात वर्षांपूर्वी गेला तरी हा क्रम चुकला नव्हता. यंदा चुकला. दोघींचं गेल्या मे महिन्यापासून बोलणं नव्हतं.

आता झालं काय होतं ते सांगितलं पाहिजे. खीव्याच्या आजूबाजूची जमीन हिवाळाभर मीठ ओकते. खाल्ल्या मिठाला माणसानं जागावं म्हणतात, पण तिथं मीठच जमिनीला खातं. म्हणून हिवाळा संपता संपता घरोघरची बाग धुवावी लागते. वाफे पाडायचे, बांध घालायचे, कालव्याचं पाणी सोडून वीतभर तुंबवायचं आणि मीठ खाली जिरवायचं. असं दोनदा, जमीन फारच खारवट असली तर तीनदा. पण शेजारच्या दोन तुकड्यांना एकाच वेळी पाणी द्यायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकाला पाणी दिलं आणि दुसरा कोरडा ठेवला, तर मीठ पाण्यापुढं पळतं आणि कोरड्या जमिनीत जाऊन ठाण मांडतं.

गेल्या वर्षी बिकाजान भाचीच्या लग्नाला दोन दिवस खोंक्याला गेली होती आणि पाणी नेमकं तेव्हाच सुटलं. याकूतजानचे वाफे तयार होते, मन उतावीळ होतं. दोन दिवसांनी असं काय होतंय, म्हणून तिनं आपल्या बाजूला पाणी घेतलं. मे महिन्यात बिकाजानची बाजू कणीक सांडल्यासारखी पांढरी झाली. गाजराचं एक पान वर आलं नाही.

बिकाजान एवढंच म्हणाली होती, "तुझं मीठ तू माझ्या घरात लोटलंस, धाकटे."

तेव्हा याकूतजाननं पाय धरायला हवे होते. पण तिची जीभ तिखट, आणि खजील झालेल्या माणसाची जीभ जास्तच चालते. "पाण्याला मी काय लगाम घालू?" ती म्हणाली, आणि वर, "एवढं असेल तर जा ताश्कंदला मुलाकडं. तिथं दुकानात मिळतात गाजरं."

हे शेवटचं वाक्य तिला अजून टोचत होतं, आणि मातनियाजला ते माहीत होतं.

"मी जाऊन बोलू का वहिनीशी?" तो म्हणाला.

"तुम्ही नका मधे पडू."

"मग तू बोल."

"मी का म्हणून बोलू? त्या थोरल्या ना?"

मातनियाजनं चहा संपवला. ट्रॉलीबसच्या रस्त्यात गाढवाची गाडी आडवी आली तरी तो भोंगा वाजवत नसे, थांबायचा.

सोमवारी कालव्याचा मिराब, म्हणजे गावाचं पाणी वाटणारा कुरानबाय, सायकलवरून ओरडत गेला, की गुरुवारी पाणी सुटणार, वाफे तयार ठेवा. याकूतजान भिंतीशी गेली. पलीकडच्या बाजूला एक फावडं लागलेलं नव्हतं. शेणखताचा ढीग शरद ऋतूत टाकला तसाच, वर कोंबड्या. बांध नाही, वाफा नाही. बिकाजानसारखी बाई, जी जानेवारीतच दोऱ्या लावून वाफे आखायची, तिची बाग अशी पडून होती.

बोलायचं तर होतं, पण बोलणं बंद. मग अशा वेळी तिथल्या बायका करतात तेच तिनं केलं. ती आपल्या गाईपाशी जाऊन उभी राहिली आणि भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस का गं, गुरुवारी पाणी येतंय. ज्यांचे बांध झाले नसतील त्यांनी आजच कमरेला पदर खोचावा. नंतर पाण्याला नावं ठेवू नयेत."

गाईनं कान हलवला. भिंतीपलीकडं बिकाजान कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती वाकलेलीच राहून कोंबड्यांना म्हणाली, "खा गं बायांनो, पोटभर खा. आजपासून तिसऱ्या शनिवारपर्यंतच आहे माझ्या हातचा दाणा. लेकानं तिकीट पाठवलंय. ताश्कंदला गाजरं दुकानात मिळतात म्हणे."

याकूतजान गाईचं दावं धरून तशीच उभी राहिली. घरात आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मातनियाजनं न विचारता तिच्यासाठी चहा ओतला.

"अहो, जा तुम्ही," ती म्हणाली. "जा आणि विचारून या, खरंच का."

मातनियाज वहिनीकडं गेला, तीन प्याले चहा पिऊन आला. खरंच होतं. मुलगा दावरान दोन वर्षांपासून बोलवत होता, वहिनी दोन वर्षं नाही म्हणत होती, या जानेवारीत हो म्हणाली. घराला कुलूप लावणार होती, कोंबड्या वाटून टाकणार होती.

"आणि बाग?"

"बागेचं काही बोलली नाही."

बागेचं काय होणार हे दोघांना ठाऊक होतं. न धुतलेली बाग दोन वर्षांत पांढरी होते, आणि पांढऱ्या जमिनीकडं परत कोणी येत नाही. त्या रात्री याकूतजानला स्वतःचा जो राग यायला पाहिजे होता तो आला, आणि राग आला की तिला काम सुचायचं.

बुधवारी बिकाजान नातवंडांसाठी लोकरी मोजे घ्यायला खीव्याच्या बाजारात गेली. तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी याकूतजान फावडं खांद्यावर टाकून भिंत ओलांडून पलीकडं गेली.

"कुणाच्या बागेत कुणाला विचारून?" मातनियाजनं विचारलं.

"माझं मीठ आहे तिथं. माझं मीठ मला काढू दे. तुम्ही फावडं आणताय की नुसते उभे राहताय?"

त्यानं फावडं आणलं. दुपारपर्यंत दोघांनी शेणखत पसरलं, वाफे पाडले, बांध घातले. पाठ मोडून आली, पण वाफे दिसायला देखणे झाले. याकूतजाननं आपल्याच बाजूसारखे मोठे मोठे चौकोन घातले होते. मातनियाज एकदा म्हणाला, की वहिनी जर्दाळूच्या बाजूला बारीक वाफे घालायची असं आठवतं. याकूतजान म्हणाली, तुम्हाला बसथांबे सोडून काही आठवत नाही.

संध्याकाळी बिकाजान परतली. तिनं बाग पाहिली, दार लावून घेतलं. भिंतीपलीकडून कोंबड्यांशीसुद्धा ती बोलली नाही.

गुरुवारी सकाळी पाणी आलं, गढूळ, बर्फासारखं गार. याकूतजान रबरी बूट घालून पाण्याची दारं धरायला उभी राहिली. आधी तिनं पाटाचं तोंड बिकाजानच्या बाजूला फोडलं. पहिला वाफा भरला, दुसरा भरला. तिसऱ्याला पाणी जर्दाळूच्या झाडाजवळ गेलं आणि तिथून माघारी फिरलं. तिकडची जमीन उंच होती. चौकोन मोठा, उतार उलटा. पाणी एका कोपऱ्यात साचत गेलं आणि पलीकडचा कोपरा कोरडा ठणठणीत. मग कोपऱ्यातला बांध फुटला आणि पाणी निघालं ते थेट बिकाजानच्या तंदूरकडं.

याकूतजान धावली. एका बाजूला माती टाकावी तर दुसरीकडून पाणी वाट काढायचं. मातनियाज पाटाच्या तोंडाशी होता, त्याला इकडचं काही दिसत नव्हतं. खिडकीत पडदा हलला, पुन्हा हलला, आणि मग दार धाडकन उघडून बिकाजान बाहेर आली. अंगात जाड जाकीट, डोक्याचा रुमाल अर्धा बांधलेला, एका पायात रबरी बूट, दुसऱ्यात घरातली चप्पल.

"ए धाकटे! तिकडं काय माती टाकतेयस? वरचं दार लाव आधी, वरचं!"

"कुठलं वरचं?"

"अगं, चौतीस वर्षं तुझ्या नाकासमोर मी वाफे घालतेय, जर्दाळूकडं जमीन चढी आहे हे तुला दिसलं नाही? हे काय वाफे आहेत की घोड्यांचं मैदान? सर बाजूला. फावडं इकडं."

तिनं फावडं हिसकून घेतलं. सहासष्ट वर्षांची बाई चिखलात उतरली आणि तिनं चार फटक्यांत मधोमध एक आडवा बांध घातला, त्याला एक तोंड ठेवलं, आणि पाणी आज्ञाधारकपणे उंच बाजूला चढलं. तंदूर दोन हातांवरून वाचला. पुढचे तीन तास दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाफ्यावाफ्यानं मागं सरकत काम करत राहिल्या. बोलणं सगळं पाण्याचंच होतं. सोड, लाव, टाक माती, हात चालव, मुलीसारखी नाजूक नको बनू. मातनियाजनं हे पाटाच्या तोंडाशी ऐकलं आणि गेल्या नऊ महिन्यांत पहिल्यांदाच तो गाणं गुणगुणला.

काम संपलं तेव्हा दोघी भिंतीवर बसल्या, गुडघ्यापर्यंत चिखल. बिकाजानची चप्पल कुठल्या वाफ्यात गेली होती कोण जाणे.

"मी पाण्याशी बोलले," बिकाजान म्हणाली. "तुझ्याशी बोलले असं समजू नकोस."

"बाजी," याकूतजान म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती जावेला बाजी म्हणे. "गेल्या वर्षी मी दोन दिवस थांबायला हवं होतं. माझी चूक होती. आणि नंतर जे बोलले ती त्याहून मोठी. मला तेव्हाच कळलं होतं, पण तोंड उघडेना."

बिकाजाननं पायातला एकुलता एक बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

"तुझं तोंड उघडेना," ती म्हणाली, "हे मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

याकूतजानला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही चिखलाच्या बाहीनं पुसलं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण तिकीट तसंच होतं. बिकाजान आता बोलत होती, चहाला येत होती, शेपूच्या हिरव्या शेवया केल्या की ताट भिंतीवरून इकडं-तिकडं होत होतं. पण जायचं रद्द झालं असं ती एकदाही म्हणाली नाही. उलट रोज एकेक गोष्ट सोपवू लागली. एके दिवशी कांद्याच्या बियांची पुरचुंडी. दुसऱ्या दिवशी खरबुजाचं बी, चार वर्षं जुनं, कारण नवं बी नुसतं वेल वाढवतं, फळ धरत नाही. मग कोंबड्या.

"ही तांबडी आहे ना, ती दारामागं अंडं घालते. बघत जा."

"बघेन."

"आणि थंडीसाठी पुरलेल्या द्राक्षाच्या वेलीवरची माती लगेच काढू नकोस. मार्चातली ती शेवटची, म्हातारीची थंडी जाऊ दे. तू उतावीळ आहेस."

"आहे खरी," याकूतजान म्हणाली.

तिच्या जिभेच्या टोकावर एकच शब्द होता, राहा. तो काही केल्या बाहेर पडेना. जा म्हणणारी तीच होती. आता राहा म्हणायचं कुठल्या तोंडानं? म्हातारपणी मुलाजवळ, नातवंडांजवळ जावं, यात वाईट काय होतं? ताश्कंदला घरात नळाला गरम पाणी होतं, आणि इथं बर्फाच्या पाण्यात चप्पल हरवायची. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर ते दिराचं सांगणं होईल," मातनियाज म्हणाला. "तिला ते नकोय."

"मग काय हवंय?"

"बसथांबे सोडून मला काय कळतं," मातनियाज म्हणाला आणि कुशीवर वळला.

पुढच्या बुधवारी दुसरं पाणी दिलं. या वेळी वाफे बिकाजाननं आखले, एकही बांध फुटला नाही. पाणी जिरलं, वरची माती हळूहळू सुकली, तिला भेगा पडू लागल्या. तिसरा शनिवार जवळ आला. शुक्रवारी सकाळी बिकाजानच्या दारात दोरीनं बांधलेली बॅग उभी होती आणि त्यावर नातवंडांचे लोकरी मोजे. जाण्याआधी एक काम राहिलं होतं. धुतलेली जमीन कशी झाली ते पाहायला हवं, आणि ते पाहायचा तिथं एकच मार्ग, जिभेवर ठेवून.

तिघंही बागेत गेली. याकूतजाननं आधी आपल्या बाजूची चिमूटभर माती घेऊन जिभेवर ठेवली. गोड होती, म्हणजे मिठाचा मागमूस नाही, नुसता मातीचा थंड वास. ती थुंकली. दरवर्षी या क्षणी तिला आनंद व्हायचा. आज वाटलं, निदान थोडी तरी खारट लागायला हवी होती. जमीन गोड झाली म्हणजे पाण्याचं काम संपलं. पाण्याचं काम संपलं म्हणजे बिकाजानला इथं थांबायला कारण उरलं नाही.

बिकाजान आपल्या बाजूला जर्दाळूपाशी वाकली. तिनं वरची माती बाजूला सारून बोटभर खालची घेतली, जिभेवर ठेवली, आणि डोळे मिटून बराच वेळ चघळली. मग थुंकली, रुमालानं ओठ पुसले.

"खारट आहे," ती म्हणाली.

"खारट?" याकूतजान म्हणाली. "दोन पाण्यांनंतर?"

"मी काय खोटं सांगतेय? चाखून बघ."

याकूतजान भिंत ओलांडून गेली. त्याच जागची, त्याच खड्ड्यातली माती तिनं घेतली. जिभेवर ठेवली. तिच्या स्वतःच्या बाजूपेक्षाही गोड होती. शेपू पेरावा, गाजर पेरावं, काहीही पेरावं अशी. तिनं मान वर करून जावेकडं पाहिलं. बिकाजान जर्दाळूच्या फांदीवरच्या कळ्या मोजत असल्यासारखी भलतीकडंच बघत होती.

"हो बाजी," याकूतजान म्हणाली. "खारट आहे. चांगलीच खारट आहे."

मातनियाजला राहवलं नाही. त्यानंही चिमूट उचलली, तोंडात टाकली. "पण ही तर..."

"तुम्हाला काय कळतंय," दोघी एकदम म्हणाल्या.

मातनियाजनं माती गिळून टाकली. "खारट आहे," तो म्हणाला. "मी कुरानबायला जाऊन सांगतो, यांना अजून एक पाणी लागेल म्हणून." आणि सायकल न घेताच, भराभर चालत फाटकाबाहेर पडला.

"तिसऱ्या पाण्याची पाळी कधी येईल?" बिकाजाननं विचारलं.

"बारा दिवस तरी."

"मग ते जिरायला आठवडा. मग वाफे मोडायचे. मग पेरणी तुझ्या एकटीच्या हातून कशी व्हायची? तू घोड्यांचं मैदान करून ठेवशील."

"करेनच," याकूतजान म्हणाली.

बिकाजाननं जाकिटाच्या खिशातून फोन काढला. ती फोनवर नेहमी ओरडूनच बोले, ताश्कंद लांब आहे म्हणून. "दावरान, बाळा, ऐक. जमीन खारट आहे अजून. तिसरं पाणी द्यायचंय... अरे, तिकिटाचं काय ते तू बघ... नाही, तब्येत चांगली आहे. किती दिवस?" तिनं फोन छातीशी धरला आणि याकूतजानकडं वळली. "विचारतोय, किती दिवस लागतील म्हणून. काय सांगू गं?"

तीन आठवडे जिभेवर अडलेला शब्द याकूतजानला आता सापडला. ती पुढं झाली आणि जावेचा मातीनं भरलेला हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"त्याला सांगा," ती म्हणाली, "धाकटी पाठवत नाहीये म्हणून."

बिकाजाननं फोन पुन्हा कानाला लावला. "ऐकलंस ना?" ती ओरडली. "मग झालं तर."